दिवसभराच्या कामानंतर वाचायला हलकीफुलकी मराठी कथा-कादंबरी कशी निवडावी?

थकलेल्या मनाला सलग तीनशे पानांची कादंबरी पेलत नाही, म्हणून आपण विचारलेल्या रात्रीच्या विरंगुळ्यासाठी मी आधी कथासंग्रहच सुचवेन, कारण एक कथा वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण होते आणि उद्या मागचे आठवावे लागत नाही. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीच्या कथांपासून आरंभ करावा. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी एका कथेतून दुसरीत येत राहतात, त्यामुळे दोन-तीन कथांनंतर त्या गावात आपली ओळख झाल्यासारखी वाटते, आणि हा ओळखीचा आनंदच मला विनोदाइतका मोलाचा वाटतो. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हीदेखील अशीच जोडी आहे. मात्र तिची भाषा स्वातंत्र्यपूर्व काळातील मध्यमवर्गीय घरातली असल्याने पहिली काही पाने सावकाश वाचावीत.

रहस्याची ओढ असेल, तर बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा, म्हणजे झुंजार या नायकाच्या रहस्यकथा, घ्याव्यात. नारायण धारपांच्या भयकथा उत्तम आहेत, परंतु झोपण्यापूर्वी नकोत.

विकत घेण्याआधी ग्रंथालयात पुस्तक मधूनच उघडून दोन पाने वाचावीत. संवाद सहज वाटले, तर ते पुस्तक निःशंकपणे घरी न्यावे.