पैसा कुणाचा, घड्याळ कुणाचं

म्युनिक

प्रिय,

तुझी ईमेल काल रात्री वाचली. बॅटरीच्या सेलसाठी केलेल्या सेन्सरवर कंपनी काढायची, तर पैसे कुणाकडून घ्यावेत, असं तू विचारलं आहेस. बाकीचं सावकाश सांगतो, पण एक गोष्ट आधी: पुढच्या महिन्यातल्या परिषदेत तुझ्या सेन्सरचं ते पोस्टर लावू नकोस. स्वतःच जाहीर केलेल्या शोधावर अमेरिकेत वर्षभरात पेटंट मागता येतं. युरोपात ती सवलत जवळजवळ नाहीच. पोस्टर भिंतीवर लागलं की कायद्याच्या लेखी तुझा सेन्सर नवा उरत नाही. आधी अर्ज, मग पोस्टर. सरांना हे माहीत असेलच, पण त्यांना घाई शोधनिबंधाची आहे.

शिवाय तू विद्यापीठात पगारावर आहेस. २००२ पर्यंत जर्मनीत प्राध्यापकांचे शोध त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असत. तो विशेषाधिकार गेला. आता नोकरीत असताना लागलेला शोध विद्यापीठाला लेखी कळवावा लागतो, आणि चार महिन्यांत त्यांनी तो मोकळा केला नाही तर तो त्यांचा. म्हणजे तुझ्या कंपनीला स्वतःचाच शोध विद्यापीठाकडून परवान्यावर घ्यावा लागेल. त्याच्या अटी गुंतवणूकदारासमोर बसण्याआधी कागदावर आण. प्रयोगशाळेतून निघालेल्या कितीतरी टीम मी इथेच सहा-सहा महिने अडकलेल्या पाहिल्या आहेत.

आता तुझा प्रश्न. एक्झिस्ट या जर्मन सरकारी योजनेची शिष्यवृत्ती की बर्लिनच्या गुंतवणूक फंडाचे पैसे?

एक्झिस्ट घे. वर्षभर दरमहा पदवीधराला २,५०० युरो, पीएचडी झालेल्याला ३,०००, आणि मालकीतला एक टक्काही मागत नाहीत. इतक्या सुरुवातीला इतका निर्मळ पैसा दुसरीकडे मिळत नाही. फक्त तुझ्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालतो का, हे आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, लेखी घे. तोंडी "चालेल" वर विसंबू नकोस.

सरकारी पैसा म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते, म्हणून फिनलंडची गोष्ट सांगतो. २०१० मध्ये हेलसिंकीजवळ सुपरसेल ही डिजिटल खेळ बनवणारी कंपनी सुरू झाली तेव्हा संस्थापकांनी स्वतःचे अडीच लाख युरो घातले, आणि टेकेस या सरकारी संस्थेने चार लाखांचं कर्ज दिलं. पहिला खेळ हवा तसा चालला नाही. त्यांनी तो बंद केला, सगळं सोडून टॅब्लेटकडे वळले, आणि २०१२ मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आला. पुढच्याच वर्षी जपानी कंपन्यांनी सुमारे १५३ कोटी डॉलर मोजून ५१ टक्के हिस्सा घेतला. त्यावरचा कर संस्थापकांनी फिनलंडमध्येच भरला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मधली: चुकलेलं सोडून वळायला त्यांच्याकडे मोकळीक होती.

ती मोकळीक आम्हाला नव्हती. आमच्या कंपनीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही युरोपीय संयुक्त प्रकल्पात शिरलो. अशा प्रकल्पांना निदान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. आम्ही पाच देशांतले सात भागीदार होतो. पैसा भरपूर होता. पण तीन वर्षांत काय करायचं ते अर्जातच लिहिलेलं होतं. आठव्या महिन्यात एका कारखान्यातल्या माणसाने सांगितलं, "हे आम्हाला नको, याच्या अर्ध्या किमतीत साधं काहीतरी द्या." तो बरोबर होता. आम्हाला ते कळलंही. तरी आम्ही अहवालातलंच यंत्र बनवत राहिलो, कारण पगार अहवालावर निघत होते. प्रकल्प वेळेत, उत्तम शेऱ्यासह संपला, आणि पाठोपाठ कंपनीही संपली. अकरा लोकांना मी स्वतः बसवून ते सांगितलं. म्हणून तुला कळकळीने सांगतो: "हे तंत्र चालतं का" हे शोधायला सरकारी पैसा घे. "हे कुणाला हवंय का" हे शोधायचं काम त्याच्यावर सोपवू नकोस.

फंडाचं घड्याळ वेगळं. व्हेंचर फंडाचं, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे लावणाऱ्या फंडाचं, आयुष्य साधारण दहा वर्षांचं. पहिल्या चार-पाच वर्षांत पैसे लावायचे, उरलेल्यांत काढून परत करायचे. तेव्हा बर्लिनच्या फंडातल्या त्या बाईंना विचार: तुमचा फंड कितव्या वर्षात आहे? पुढच्या फेरीसाठी माझ्या नावाने किती राखून ठेवणार? तुमच्या फंडात पैसा कुणाचा? सहाव्या वर्षातला फंड तुला चौथ्या वर्षी कंपनी विक म्हणेल. त्यात त्यांचा दुष्टपणा नाही, त्यांनाही कुणाला तरी परत द्यायचंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा युरोपियन इन्व्हेस्टमेंट फंड येईल, म्हणजे घुमून फिरून पुन्हा सार्वजनिक पैसाच.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. समज, सहा कोटी युरोंचा फंड वीस कंपन्यांत वाटला आहे. तुला कारखाना उभारायला चार कोटी लागले तर ते देणार कुठून? मग माणूस अमेरिकेकडे बघतो, आणि अमेरिकन गुंतवणूकदार कंपनीचं मुख्यालय तिकडे आणा म्हणतो. युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी अध्यक्ष मारियो द्रागी यांच्या २०२४ च्या अहवालात आहे: २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या १४७ युनिकॉर्नपैकी, म्हणजे अब्ज डॉलरवर किंमत गेलेल्या नव्या कंपन्यांपैकी, ४० जणांनी मुख्यालय बाहेर नेलं. कोविडची लस काढणाऱ्या बायोएनटेकचं नशीब वेगळं. जर्मनीतल्या माइन्झमध्ये २००८ साली सुरू होतानाच मुख्यतः स्ट्र्युंगमान या श्रीमंत बंधूंचे मिळून सुमारे १५ कोटी युरो पाठीशी होते, त्यामुळे स्वतःचं एकही औषध बाजारात नसताना ती बारा वर्षं टिकली. शेअर मात्र तिनेही २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअरबाजारातच आणले. तू जाशील की राहशील, हे आज ठरवायचं कारण नाही. फक्त अमेरिकेतल्या डेलावेअरला कंपनी काढ, असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर सही करू नकोस.

तू बॅटरीच्या सेलसाठी सेन्सर करते आहेस, म्हणून नॉर्थव्होल्ट या स्वीडनच्या बॅटरी कंपनीबद्दल. पैसा, मंत्री, करार, कशाची म्हणून तिथे कमी नव्हती. जर्मन सरकारी बँकेनेही सुमारे ६० कोटी युरो दिले होते. सेल मात्र वेळेत बाहेर पडेनात. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोंची ऑर्डर काढून घेतली, मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. खराब सेल उत्पादनाच्या रांगेवरच ओळखता आला तर किती वाचतं, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? म्हणून मला वाटतं तुझ्या सेन्सरला जागा आहे. पण ते मला वाटून उपयोग नाही. तुझा एक नमुना चालू रांगेवर महिनाभर लावू देईल असा उत्पादन-इंजिनिअर शोध. माझ्या ओळखीच्या दोघांना आज लिहितो आहे.

गुरुवारी संध्याकाळी सातला फोन कर. नोकरीचा करार आणि विद्यापीठाच्या पेटंट कार्यालयाचा फॉर्म समोर ठेव, आपण दोन्ही ओळीन् ओळ वाचू. आणि पोस्टरचं सरांना उद्याच सांग.

काका