तुमचे प्रश्न : मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीची स्मरणिका २००३ साली एका प्रेसमधे टाईप करून घेतली होती, त्याची सीडी आत्ता सापडली. वेबसाईटवर टाकावी म्हणून ब्राउझरमधे उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, मधेच कंस आणि टक्क्याची खूण. फाईल खराब झाली का? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नाही दादा, फाईल ठणठणीत आहे, फक्त आधी ती सीडी दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि मग पुढचं वाचा. त्या काळात डीटीपीवाले जे फाँट वापरायचे त्यात मराठी अक्षर साठवलंच जात नव्हतं. इंग्रजी अक्षराच्या नंबरवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं, म्हणजे फाईलमधे जायचं इंग्रजी अक्षरच पण फाँट स्क्रीनवर 'क' काढून दाखवायचा. तो फाँट नसला की ब्राउझर जे आहे तेच दाखवणार, त्याची काय चूक. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाकडं जो नंबर 'क' ला तोच दुसऱ्याकडं भलत्याच अक्षराला.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणारी एकच पद्धत, तिच्यात तसं नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे नंबर आहेत, 'क' म्हणजे हेक्समधे (कॉम्प्युटरवाल्यांची सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) ०९१५, मग फाँट कुठलाही लावा आणि ब्राउझर कुठलाही घ्या. म्हणून स्मरणिका आधी कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, युनिकोडमधे आणा, पण त्यासाठी मूळ फाँटचं नाव लागेल, प्रेसवाल्यांना विचारा. आणि कन्व्हर्ट झालं की डोळ्यांनी वाचून काढाच. जुन्या फाँटमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमधे ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, त्यामुळं कन्व्हर्टर कच्चा असला तर वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते. शेजारच्या अक्षरावरही जाऊन बसते, आणि मग तालमीतल्या जुन्या माणसांची नावंच चुकतात, ते मला लई लागतं.

रुपयाच्या खुणेचंही असंच झालं होतं. सरकारनं ती जुलै २०१० मधे स्वीकारली, युनिकोडमधे ऑक्टोबरमधे आली, आणि मधल्या काळात एका फाँटमधे ती बॅकटिकच्या बटणावर बसवली होती. तेव्हाच्या फाईलीत आकड्याआधी नुसती तिरकी टिकली दिसत असेल तर तो रुपया आहे.

एक मात्र वेगळं ओळखा. पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी 'ए' सारखा सारखा दिसत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, ब्राउझर तो चुकीच्या एन्कोडिंगनं, म्हणजे नंबर साठवायच्या चुकीच्या पद्धतीनं, वाचतोय. युनिकोडसाठी वेबवर यूटीएफ-८ हे एन्कोडिंग वापरतात, त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तोच 'ए' पुन्हा पुन्हा. पानाच्या एचटीएमएल कोडमधे हेड नावाच्या भागात अगदी सुरुवातीलाच <meta charset="utf-8"> लिहा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

प्रश्न : पन्हाळ्यावर लेख लिहितेय, 'पायऱ्या' टाईप करायला गेले की 'पायर्या' होतं. (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि य दिला की रफारच येणार, 'सूर्य' मधे येतो तसा. तुम्हाला हवा खाली टिंब असलेला ऱ, त्याचा नंबर ०९३१. तो ऱ, मग हलन्त, मग य. हा फरक मराठीला जपावाच लागतो, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे आपल्या गगनबावड्याच्या. जुन्या लेखांत हेच साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडणारा कोड घालून केलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखंच, पण अक्षरन् अक्षर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून एका लेखात एकच पद्धत ठेवा.

प्रश्न : मोडी शिकायला लागलेय. मैत्रिणीनं मोडीत टाईप करून मेसेज पाठवला, माझ्या जुन्या फोनवर नुसते चौकोन! (कोल्हापूर)

उत्तर : शिकताय हे वाचून फार बरं वाटलं, कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी वाचणाऱ्यांसाठी कामच काम आहे. मोडी युनिकोडमधे आली २०१४ च्या जूनमधे, सातव्या आवृत्तीत, त्यामुळं जुन्या फोनमधे तिचा फाँटच नसतो. नंबर बरोबर पोचलेत, त्यांचं चित्र काढणारं कोणी नाही, एवढंच. या चौकोनाला टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फाँटचं नावही 'नो टोफू' वरूनच पडलंय. कॉम्प्युटरवर नोटो सान्स मोडी हा फुकट फाँट टाका आणि तोच मेसेज तिथं उघडा. मैत्रिणीला परत टाईप करायला लावू नका, आणि तोवर तो मेसेज पुसू नका.