कड्यातली घरं आणि उलटा गड

प्रश्न : काकू, आम्ही फिनिक्सजवळ चॅन्डलरला राहतो. डिसेंबरअखेर सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. सासरे 71 वर्षांचे, पण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतात. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. मुलगा 9 वर्षांचा. ऑफिसातल्या एकाने सुपरस्टिशन डोंगरात, रॉजर्स कॅन्यनमधली कड्यातली जुनी घरं बघाच म्हणून सांगितलं. एका दिवसात होईल का? आणि ती आपल्या लेण्यांसारखी असतात का? – एक वाचक, चॅन्डलर

उत्तर : अगं, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मी जुन्नरची. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत-उतरत मोठी झाले. ॲरिझोनात आल्यावर पहिल्यांदा टोंटोला, म्हणजे अशाच कड्यातल्या घरांच्या दुसऱ्या एका जागी, गेले ती लेणी बघायला म्हणूनच, आणि पहिली पाच मिनिटं चक्क हिरमुसले. लेण्यात माणसाने डोंगर कोरून पोकळी केलेली असते. इथे पोकळी आयतीच आहे. कड्याच्या पोटात घळ, आणि त्या घळीत दगड-मातीच्या भिंती उभारून, वर लाकडं टाकून केलेल्या खोल्या. शिवथरघळीत कुणी चाळ बांधली असती तर कशी दिसली असती, तसं काहीसं.

बांधणाऱ्यांना अभ्यासक सलाडो म्हणतात. इथल्या सॉल्ट नदीचं स्पॅनिश नाव रिओ सलाडो, त्यावरून. ही घरं साधारण 1300 च्या सुमाराची. 1450 च्या आसपास ती ओस पडली. का, यावर पुरापासून भांडणांपर्यंत सगळे अंदाज आहेत. त्यात मी पडत नाही.

हिरमोड गेला तो एका भिंतीपाशी. मातीच्या गिलाव्यात बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. आमची आजी जमीन सारवायची तेव्हा अशाच रेघा उमटायच्या, फरक इतकाच की तिच्या दर आठवड्याला पुसल्या जायच्या. भिंतीला हात लावायचा नाही, म्हणून मी हवेतच माझी बोटं त्या रेघांसमोर धरून बघितली. माझ्याहून बारीक बोटं होती.

आता तुझा बेत. रॉजर्स कॅन्यनला सगळ्यांना घेऊन जाऊ नकोस. चालणं जाऊन-येऊन साधारण 9 मैल आहे, पण अडचण मैलांची नाही. हा उलटा गड आहे. आपल्याकडे आधी चढ असतो. दम लागला की कळतं, माणूस माचीवरून परत फिरतो. इथे सकाळच्या गारव्यात हजारेक फूट उतरत जायचं, सगळे खुशीत, आणि तो उतार दुपारी चढ होऊन समोर येतो. अजिंक्यतारा चढणारा माणूस नेमका इथेच फसतो, कारण जाताना त्याला काहीच जड जात नाही. आम्ही नवरा-बायको दोन-दोन लिटर पाणी घेऊन गेलो होतो. घरांपाशी बसून पोळी-भाजी खाल्ली तेव्हाच निम्म्याहून जास्त संपलं होतं. परतीच्या चढावर माझ्या नवऱ्याने, सिंहगड तासाभरात चढल्याचं दहा वर्षं ऐकवणाऱ्या माणसाने, दगडावर बसकण मारली आणि "पाच मिनिटं" असं चार वेळा म्हणाला. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, घळीत त्याच्याही आधी अंधारतं. गाडीपाशी पोचलो ते टॉर्चच्या उजेडात.

त्यातून, वाट सुरू होते तिथपर्यंतचा रस्ताच कच्चा आणि दगडांचा आहे. उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी लागते. शिवाय जून 2019 च्या मोठ्या वणव्यात हा भाग होरपळला. अशा जागी काटेरी कॅटक्लॉ मोकाट वाढतं. आपल्या खैराचं चुलत भावंडच ते, बाह्या फाडूनच पुढे जाऊ देतं.

तेव्हा सगळ्यांना घेऊन टोंटो नॅशनल मॉन्युमेंटला जा. रूझवेल्ट धरणाच्या जलाशयाजवळ, तुमच्याकडून दोनेक तास. खालच्या घरांपर्यंत अर्धा मैल डांबरी पायवाट आहे, चढ 350 फूट. सासरे आणि मुलगा आरामात जातील. सासूबाईंना खाली व्हिजिटर सेंटरच्या गच्चीत बसव. तिथून घळ दिसते, आणि सेंटरच्या आत सलाडो लोकांची रंगीत मडकी आणि सुती कापड मांडलंय. ते कापड मात्र त्यांना नक्की दाखव. याच खोऱ्यात कापूस पिकवून विणलेलं आहे. मुलाला ज्युनियर रेंजरची वही मागून घे, भरून दिली की बिल्ला मिळतो. वर जायची वाट मॉन्युमेंट बंद व्हायच्या तासभर आधीच अडवतात, म्हणून सकाळीच पोचा.

सासऱ्यांची हौस एवढ्यावर भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वरची घरं. 40 खोल्या, रेंजरबरोबरच जाता येतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, 3 मैलांची फेरी. आधी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा हे वाचून झाल्या-झाल्या नोंदव.

एक जाडी फणी पिशवीत टाक, केस विंचरायला नव्हे. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने उपटायला जाऊ नका, हातालाच चिकटतो. फणी खाली घालून झटका द्यायचा. आणि मुलाच्या खिशावर लक्ष ठेव. खापराचा तुकडा उचलणं इथे गुन्हा आहे, 1979 पासून त्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा आहे. माझ्या भाच्याने उचलला होता. ज्या जागेवरून उचलला तिथेच परत ठेवायला लावला, तेव्हा तो तासभर बोलला नाही माझ्याशी.

प्रश्न : पुतण्या शिकायला फिनिक्सला आहे. मी जूनअखेर जाणार. त्याच्याबरोबर रॉजर्स कॅन्यन करावं म्हणतो. मी सह्याद्रीत पावसाळ्यातही फिरतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : नको. जूनमध्ये फिनिक्सचा पारा 40 च्या वर असतो, आणि घळीतला खडक दुपारी तव्यासारखा तापतो. पावसाचं म्हणाल तर इथेही 15 जून ते 30 सप्टेंबर या काळाला मान्सूनच म्हणतात, पण तो आपल्यासारखा दिवसभर रिपरिपत नाही. दहा मैलांवर कुठेतरी ढग फुटतो आणि तुम्ही ज्या कोरड्या ओढ्यातून चालताय तिथे पाण्याचा लोंढा येतो, डोक्यावर आकाश निळं असताना. पुतण्याला म्हणावं, काकाला टोंटोच्या व्हिजिटर सेंटरात ने. खापरं तिथेही आहेत, शिवाय एसी आहे.