डिफेंडर काढून टाकतो, तरी ट्रोजन पुन्हा येतो: काय करावे?

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकल्यापासून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) रोज एक ट्रोजन (उपयोगी असल्याचे भासवून संगणकात शिरणारा घातक प्रोग्रॅम) पकडतो, तो काढल्याचेही सांगतो, आणि संगणक पुन्हा सुरू केला की तोच इशारा येतो, असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ बहुधा असा, की पकडली जाणारी फाइल पुन्हा आणून ठेवणारी दुसरी नोंद संगणकात शाबूत आहे. ती सापडेपर्यंत नुसत्या स्कॅनवर विसंबू नका.

सर्वांत आधी इंटरनेट तोडा. आजचे बरेच ट्रोजन ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज चोरतात. म्हणून ईमेलचे व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आजच बदला आणि जिथे सोय असेल तिथे सर्व उपकरणांवरून लॉग आउटही करा, कारण केवळ पासवर्ड बदलल्याने चोरीला गेलेली कुकी निकामी होईलच असे नाही. लोक हे काम शेवटावर ढकलतात. माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते.

आता विंडोज सिक्युरिटीमधील प्रोटेक्शन हिस्टरी उघडा आणि फाइल कोणत्या फोल्डरात सापडली ते लिहून घ्या. मग टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप ॲप्स (विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम) आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे) या दोन्ही ठिकाणी त्या फोल्डराकडे बोट दाखवणारी नोंद शोधा. मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन अशा सगळ्या जागा एकत्र दाखवते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवता येत असल्यामुळे यादी बरीच आटोपशीर होते. नावावर मात्र जाऊ नका. एसव्हीसीहोस्ट हे विंडोजच्याच प्रक्रियेचे नाव आहे, पण त्या नावाची फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डराऐवजी वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातून चालत असेल तर ती तोतया समजावी. संशयास्पद नोंद लगेच पुसू नका, आधी ऑटोरन्समध्ये तिच्यासमोरच्या चौकटीतली खूण काढून ती बंद करा. डिफेंडरमधील एक्सक्लूजन्सची (तपासणीतून वगळलेल्या जागांची) यादीही अवश्य पाहा, कारण काही ट्रोजन आपले फोल्डर तिथे घालून ठेवतात आणि मग डिफेंडर त्याकडे पाहतच नाही. आपण स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद तिथून काढा.

यानंतर डिफेंडर अद्ययावत करण्यापुरते इंटरनेट जोडा आणि ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक पुन्हा सुरू होऊन, नेहमीचे विंडोज चालू नसताना ही तपासणी होते, त्यामुळे ट्रोजनला लपायला वाव कमी राहतो. तिला साधारण १५ मिनिटे लागतात.

एवढे करूनही इशारा आला, किंवा डिफेंडर चालूच होत नसेल, तर फॉरमॅट करायला कचरू नका. फक्त कागदपत्रे व फोटो बाहेर काढा, सेटअप फाइली मुळीच घेऊ नका, आणि दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. क्रॅकची ती मूळ फाइल एखाद्या पेनड्राइव्हवर राहिली असेल तर तीही काढून टाका. दरम्यान खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा.