ज्योती भातात नळ्या (गादमाशीच्या अळीमुळे पोकळ नळीसारखे झालेले कोंब) न आलेल्या चुडांचं बी राखलं तर गादमाशीला प्रतिकारक वाण मिळेल का?

ज्योतीतून मिळणार नाही. भात स्वपरागी आणि ज्योती शुद्ध वाण, त्यामुळे नळ्या आलेला चूड आणि शेजारचा निरोगी चूड यांचं बी एकच. निरोगी चूड बहुतेक वेळा नुसता वाचलेला असतो. अंड्यातून निघालेली अळी पानावरच्या ओलीतून सरकत कोंबापर्यंत जाते; ओल सुकली तर वाटेतच मरते. सरदीच्या (पावसाळी) पिकात, रिपरिप पावसात, तिचं फावतं ते म्हणूनच.

प्रतिकार बाहेरून आणावा लागतो. डब्ल्यू १२६३ या वाणात जीएम१ जनुक आहे, फाल्गुना वाणात जीएम२, अगन्नी वाणात जीएम८ (हे जीएम म्हणजे गॉल मिज, म्हणजे गादमाशीच, जनुक-बदल पिकांशी संबंध नाही). हे तिन्ही प्रभावी जनुक (एकाच पालकाकडून आला तरी गुण दिसतो), म्हणून संकराच्या दुसऱ्या पिढीत साधारण तीन रोपं प्रतिकारक, एक बळी पडणारं. प्रतिकारक रोपाचा ज्योतीशी तीनदा परतसंकर केला (म्हणजे दर वेळी पुन्हा ज्योतीशीच संकर) की ज्योतीचा वाटा सरासरी ९३.७५% होतो. दर पिढीत तांबडा दाणा तपासायचा, नाहीतर उकड्याला चालेल असं भात हातात राहत नाही.

खरी फसगत पारखताना होते. लावणी मुद्दाम उशिरा करा, दर दहा ओळींमागे टीएन१ (गादमाशीला सहज बळी पडणारा वाण) ची एक ओळ घाला, ३० आणि ५० दिवसांनी एकूण फुटवे आणि नळ्या मोजा. टीएन१ वरच नळ्या कमी असतील तर त्या हंगामाची सगळी नोंद बाद. शंका आली तर कोंब उभा चिरून भिंगातून पाहा: जीएम२ च्या रोपात टोक तपकिरी पडून अळी मेलेली दिसते. जीएम१ मध्ये अळी मरते, पण डाग पडत नाही. डाग नाही म्हणून रोप उपटू नका.

एकाच जनुकावर मात्र विसंबू नये. १९८६ च्या सुमारास श्रीकाकुळमकडे फाल्गुनाचा प्रतिकार मोडला, माशीचा नवा जैवप्रकार (त्या प्रतिकाराला न जुमानणारी जात) आला. दोन जनुक एकत्र हवेत, आणि ते शेतात ओळखता येत नाहीत, कारण एक असला तरी नळी येत नाही. तिथे डीएनए मार्कर (प्रयोगशाळेत जनुक ओळखण्याची खूण) लागतोच.

घरच्या घरी निवड करायचीच असेल तर जुन्या गावठी भातात करा. ते बी मिश्र असतं. नळी नसलेल्या पन्नासेक चुडांची एकेक लोंबी वेगळी राखा, पुढच्या सरदीत प्रत्येकीची स्वतंत्र ओळ लावा, मध्ये मध्ये ज्योतीच्या ओळी घाला. ज्योतीत नळ्या भरपूर आणि शेजारची ओळ सलग दोन हंगाम स्वच्छ राहिली, तरच ते बी वाढवा.