कुरव ओळखताना डोके नव्हे, पंख पाहावा

प्रश्न : हिवाळ्यात तलावाच्या काठावरून कुरवांचा थवा पाहताना माझा नेहमी गोंधळ उडतो. चित्रांमध्ये तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव सहज वेगळे दिसतात; प्रत्यक्षात मात्र सगळ्यांचीच डोकी पांढरी असतात, आणि काहींच्या पंखांवर तपकिरी छटाही असते. हे दोन पक्षी कसे ओळखावेत?

उत्तर : चित्रातील गडद डोके हा विणीच्या हंगामातील पिसारा आहे. हंगाम सरला की दोन्ही प्रजातींत तो रंग जातो आणि डोळ्यामागे काळपट ठिपका तेवढा उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग परत चढू लागतो, पण तोही दोघांचा तपकिरीच, एकाचा अधिक गडद इतकेच. म्हणून डोक्यावर विसंबू नये.

काठावर बसलेल्या पक्ष्यापेक्षा उडणारा पक्षी अधिक सांगतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाला टोकाकडे, पुढच्या कडेने, लांबट पांढरा पट्टा असतो आणि काळा रंग टोकाच्या मागच्या कडेपुरताच दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक मात्र चांगले रुंद काळे असते, आणि प्रौढ पक्ष्यात त्या काळ्यावर ठळक पांढरे ठिपके उठून दिसतात. पक्षी बसलेलाच असेल तर दुर्बिणीतून डोळा पाहावा : प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट, तर दुसऱ्याची गडद असतात. तपकिरी डोक्याचा कुरव किंचित मोठा आणि जाड चोचीचा असतो खरा, पण दोघे शेजारी उभे असल्याशिवाय या फरकाचा उपयोग नाही.

आपण पाहिलेली तपकिरी छटा पहिल्या वर्षाच्या पिलांची असावी. त्यांच्या शेपटीच्या टोकाशी काळी पट्टीही असते. खरी परीक्षा इथेच आहे, कारण या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडद असतो आणि पंखाच्या टोकावर पांढरे ठिपके आलेले नसतात. अशा वेळी टोक सलग काळे आहे की त्याच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा आहे, एवढेच तपासावे.

थव्यात एखादा पक्षी इतरांहून फारच मोठा, उतरत्या कपाळाचा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असलेला दिसला, तर तो पल्लासचा कुरव असण्याची शक्यता अधिक. त्याला पूर्ण प्रौढ पिसारा येण्यास काही वर्षे लागत असल्याने, वयानुसार बदलणारी त्याची रूपे हा स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.