राग पाळीचा की घराचा?

पाळीच्या आधी त्रास होतो म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला बाई क्वचितच येते. ती येते ‘मला राग फार येतो’, ‘मुलावर हात उचलला’, नाहीतर ‘मला वेड तर लागत नाहीये ना’ असं विचारत. पाळीचा विषय मीच काढते, आणि उत्तर देण्याआधी ती एकदा मागे वळून दार लागलंय का ते बघते.

सुवर्णाचंही तसंच झालं. नाव अर्थातच बदललेलं आहे. वय 38, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर, मुलगी सहावीत, घरी नवरा आणि सासूबाई. डब्यात परत भेंडी का, एवढंच मुलीनं विचारलं आणि हिनं भरलेला डबा ओट्यावर आपटला. मग न्हाणीघरात जाऊन रडली. संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, मी तुला आवडत नाही का?” ते तिला सहन झालं नाही. पतसंस्थेतही मधूनच रोख मोजताना चुका व्हायच्या, संध्याकाळी मेळ बसेना. “मॅडम, चार दिवस गेले की मी परत व्यवस्थित. मग वाटतं, मी नाटक करते की काय?”

‘चार दिवस गेले की’ हे ऐकून मी पाळीच्या तारखा विचारल्या. घरातल्या कालनिर्णयवर तिनं बारीक ठिपके दिलेले होते. डब्याचा दिवस ठिपक्याच्या तीन दिवस आधीचा निघाला. पण एका डब्यावरून निदान करायचं नसतं. पाळीपूर्व त्रास ओळखणारी रक्ताची तपासणीही नाही. उपयोगी पडते ती रोजची नोंद, निदान दोन पाळ्यांची, आणि ती त्या त्या दिवशीच करायची. नंतर आठवून लिहिलं की सगळाच महिना वाईट वाटतो. तिला मी छोटी वही करायला सांगितली: चिडचिड, रडू, झोप, अंगाचा जडपणा, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस.

दोन महिन्यांनी वही बोलकी झाली होती. पाचव्यापासून अठराव्या दिवसापर्यंत बहुतेक शून्य. एकविसाव्यापासून आकडे चढत गेलेले, छाती दुखरी, पोट फुगलेलं, रात्री दोनला जाग. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं उतरलेलं. मधला हा स्वच्छ काळ महत्त्वाचा. तो नसेल, महिनाभरच मन खाली असेल आणि पाळीआधी आणखी खाली जात असेल, तर मुळात उदासीनतेचा आजार किंवा थायरॉइड आहे का, हे आधी बघावं लागतं.

“म्हणजे माझे हार्मोन बिघडलेत?” तिनं विचारलं. बहुतेकींना हेच वाटतं, आणि त्यापायी महागड्या तपासण्या होतात. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि पाळीआधी उतरतं. हे सगळ्याच बायकांत होतं आणि त्रास असणाऱ्यांच्या तपासणीतही आकडे साधारण सारखेच येतात. फरक असतो तो हा चढउतार मेंदूला किती जाणवतो यात. मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिनच्या कामावर त्याचा परिणाम होतो. त्यामुळे ‘मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हेही खरं नाही. 1931 साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरनं पाळीआधीच्या ताणावर वैद्यकीय लेख लिहिला होता. सासूबाईंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. जुन्या घरांत बाईला बाजूला बसवत ते पाळी आल्यावर. त्या रूढीत विटाळाची कल्पना आहेच, पण विश्रांती म्हणून बघितलं तरी ती उशिराच मिळायची, कारण मनाचे सगळ्यात वाईट दिवस तोवर बहुतेक सरलेले असतात.

गोळ्या मी देत नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि चहा! पतसंस्थेत दिवसाला पाच कप, त्यातला एक जेवणावर. चहानं लोह अंगी लागत नाही आणि संध्याकाळचा चहा झोप घालवतो. दुपारी तीननंतरचे कप बंद केले, जेवणानंतरचा तासभर पुढे ढकलला. पहिला आठवडा डोकं दुखलं.

या त्रासात कॅल्शियमचा उपयोग होतो, असं म्हणायला आधार आहे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळपास निम्म्यानं कमी झाला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही 30 टक्के उतरला. कोणीतरी आपल्या त्रासाची दखल घेतंय, याचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. आपल्याकडे कॅल्शियम घरातच आहे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त, शिवाय दूध, दही, ताक. सुवर्णा रात्री पोळीऐवजी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी खाऊ लागली. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि लोहाच्या गोळीबरोबर मुळीच नाही, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. बी-6 च्या गोळ्या मनानं खाऊ नयेत. जास्त झाल्या तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. पाळीआधीच्या आठवड्यात फरसाण, पापड, लोणचं कमी केलं की अंगाची सूज थोडी आटोक्यात राहते. रोज अर्धा तास भरभर चालावं, तेही महिनाभर. “वेळ कुठून आणू?” असं तिनं विचारलं, आणि तिथून आम्ही खऱ्या विषयाकडे आलो.

पहाटे पाचला उठून तीन डबे, नऊला पतसंस्था, आल्यावर मुलीचा अभ्यास, रात्रीची भांडी. वाईट दिवसांच्या नोंदींशेजारी तिनं कारणंही लिहिली होती: ‘पाहुणे आधी न सांगता’, ‘भाजी मीच आणायची’, ‘ह्यांनी भावजींना पैसे दिले, मला विचारलं नाही.’ ही कारणं हार्मोननं तयार केलेली नव्हती. महिनाभर ती गिळली जात होती; पाळीआधी गिळायची ताकद कमी पडत होती, एवढंच.

मग नवऱ्याला बोलावलं. माणूस वाईट नाही. पण बायको काही बोलली की म्हणायचा, “तारीख जवळ आली वाटतं?” ते वाक्य मी पहिल्याच भेटीत बंद करायला लावलं. त्या वाक्यानं दोन गोष्टी होतात: तिची तक्रार निकालात निघते, आणि तीसुद्धा स्वतःच्या रागावर विश्वास ठेवेनाशी होते. त्यानं विचारलं, “मग मी करायचं काय?” प्रश्न प्रामाणिक होता. ठरलं असं: रात्रीची भांडी आणि मुलीचा अभ्यास त्याच्याकडे, शेवटच्या आठवड्यापुरता नाही, रोज. त्या वेळात ती गच्चीवर चालेल. अगदीच जड दिवशी ती एवढंच म्हणेल, “आज नको, नंतर बोलू,” आणि तो मागे लागणार नाही. मुलीलाही तिनं तिला समजेल असं सांगितलं, की कधीकधी माझं अंग आणि मन दुखतं, त्यात तुझा दोष नसतो. मुलगी सहावीत, तिलाही हे लवकरच उपयोगी पडणार.

आणि सुवर्णासाठी एक नियम. पाळीआधी जे बोचेल ते वहीत लिहायचं, त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, पाळीच्या आठव्या दिवशी वाचायचं. तेव्हा हसू आलं तर खोडून टाकायचं. तेव्हाही बोचलं तर ते पाळीचं नाही, घरात बोलायचंच.

थोड्याजणींचं एवढ्यानं भागत नाही. त्या दिवसांत काम अशक्य होणं, जगणं नको वाटणं, मरणाचे विचार येणं, हा याच त्रासाचा तीव्र प्रकार असू शकतो आणि 2013 पासून अमेरिकी मनोविकार-सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यावर औषधं आहेत, काहींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत घेऊनही चालतात. अशा वेळी भाकरी-चटणीवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

सुवर्णाच्या चौथ्या महिन्याच्या वहीत छाती दुखण्याचे आकडे जवळपास तेच होते. रडण्याचे तीनावरून एकावर आले होते, झोप बरी होती. बोचणाऱ्या नोंदी तीन. भेंडीची आणि पाहुण्यांची तिनं खोडली. भावजींना दिलेल्या पैशांची खोडता येईना, म्हणून दहाव्या दिवशी विषय काढला. जोरदार भांडण झालं. नवऱ्यानं भांडता भांडता एकदा कालनिर्णयकडे पाहिलं, पण म्हणायला काही उरलं नव्हतं. पुढच्या भेटीत दोघं मिळून आले आणि पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त पैशांबद्दल बोललो.